तिसरा श्वास

पडद्यावर रेवूचं उजवं फुप्फुस हलत होतं आणि डॉक्टर नाडगौडा ते माउसनं बाजूला सरकवून त्याच्या मागं काय आहे ते आम्हाला दाखवत होते.

"हा वरचा भाग, हा मधला, हा खालचा. खालचा हिचा जन्मापासूनच नीट तयार झालेला नाही. हे फुगे दिसतात बघा? जंतू यांच्यातच घर करतात. म्हणून सारखा निमोनिया."

श्रेणिक, माझा नवरा, खुर्चीच्या टोकावर बसला होता. "म्हणजे हे तिचं आत्ता हलतंय?"

"आत्ताचं नाही. काल एमआरआयमध्ये ती श्वास घेत होती तेव्हाचं. सीटी स्कॅनवरून कॉम्प्युटरनं आकार घेतला, एमआरआयवरून हालचाल घेतली आणि दोन्ही जोडली. पूर्वी आम्ही नुसत्या फोटोवर ऑपरेशन ठरवायचो. फोटोत फुप्फुस भरलेलं असतं. छाती उघडली की ते रिकाम्या पिशवीसारखं खाली बसतं, मग फोटोतली शीर फोटोतल्या जागी सापडत नाही. आता आधी इथं कापून बघतो, मग तिथं."

त्यांनी एक बटण दाबलं. खालचा भाग फिका होत नाहीसा झाला आणि वरचे दोन भाग हळूहळू पसरून त्या मोकळ्या जागेत उतरले.

"इंजिन असं आधी उघडून बघता आलं असतं तर माझी गिऱ्हाइकांशी निम्मी भांडणं झाली नसती," श्रेणिक म्हणाला. जयसिंगपुरात त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. कुणी हसलं नाही. त्यालाही हसायचं नव्हतंच, खोलीत काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून तो बोलला.

पुण्यातल्या त्या हॉस्पिटलात आम्हाला चार दिवस झाले होते. रेवू सात वर्षांची. ती वरच्या मजल्यावर आजीपाशी होती.

"आता अडचण सांगतो," डॉक्टरांनी माउस सोडला. "फुप्फुस छातीच्या आतून घसरलं पाहिजे. श्वास घेतला की खाली, सोडला की वर. ओल्या काचेवर काच सरकते तसं. हिचं सरकत नाहीये. खालचं नाही, मधलं नाही, वरचंही जवळजवळ नाही. इतक्या वेळा जंतुसंसर्ग झाला, आतून सगळं चिकटलं असणार."

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"फक्त खालचा भाग काढायचा असं आपण ठरवलं होतं. पण सगळंच चिकटलेलं असेल तर सोडवताना वरचे भाग फाटतात. रक्त थांबत नाही. मग उजवं फुप्फुस पूर्ण काढावं लागतं. ती तयारी ठेवूनच मला आत जावं लागेल."

"सात वर्षांच्या मुलीचं?"

"हो. डावंही म्हणावं तसं हलत नाहीये, त्याची मला जास्त काळजी आहे. सगळा भार त्याच्यावर येणार."

"आणि ऑपरेशन केलंच नाही तर?" श्रेणिकनं विचारलं.

"तर पुढचा निमोनिया, किंवा त्याच्या पुढचा." एवढं म्हणून डॉक्टर पडद्याकडं वळले.

ते पुढं बरंच बोलत होते. श्रेणिक मान हलवत होता. मी पडद्याकडं बघत होते, कारण रेवूचा श्वास बघत बसणं हेच माझं गेल्या काही वर्षांतलं काम होतं. बी.एस्सी. करून मी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले होते, रेवूच्या पहिल्या निमोनियानंतर ती नोकरी सोडली. ती झोपली की मी तिच्या फ्रॉकवरचं एखादं फूल नजरेत धरून ठेवायची आणि ते किती वेळा वर येतं ते मोजायची. मोजायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं, थांबायला कुणी सांगितलं नव्हतं. तिचा श्वास मला पाठ होता. जरा घाईचा, वर जाताना किंचित अडखळणारा.

पडद्यावरचा श्वास तिचा नव्हता.

तो बारीक होता आणि सावकाश. एकदा वर, खाली. दुसऱ्यांदा वर, खाली, अगदी तेवढाच. तिसरा मात्र घेताना आखूड आणि सोडताना लांब. मग क्षणभर काहीच नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. असं काही वेळा झालं की चित्र संपून आपोआप परत सुरू होत होतं. माझा हात मांडीवर होता. एकदम लक्षात आलं की माझा अंगठा करंगळीच्या एका पेरावरून दुसऱ्या पेरावर सरकलाय. तो थांबा आला की सरकत होता. मी त्याला सांगितलं नव्हतं.

"डॉक्टर," मी म्हणाले, "ती श्वास घेत नाहीये."

"घेतेय की. कमी घेतेय, तेच तर सांगतोय."

"तसं नाही. ती णमोकार म्हणतेय."

श्रेणिकनं माझ्या दंडाला हात लावला. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. जिचं पोर गंभीर आहे अशा आईकडं बघतात तसं.

मी सांगितलं. आम्हा जैनांकडं णमोकार मंत्र श्वासावर म्हणतात. पाच पदं, तीन श्वास. पहिलं पद श्वास घेताना, दुसरं सोडताना. तिसरं-चौथं दुसऱ्या श्वासात. शेवटचं पद एकटं असतं, ते तिसऱ्या श्वासात अर्धं घेताना, अर्धं सोडताना. मग अंगठा पुढच्या पेरावर. असं नऊ वेळा. तेवढा वेळ अंग हलवायचं नाही, पोटसुद्धा दिसेल इतकं हलू द्यायचं नाही. माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, असं उभ्या राहतात आणि रेवू त्यांच्या शेजारी.

"ताई, पेशंटनं श्वास कसाही घेऊ दे, चिकटलेलं ते चिकटलेलंच दिसणार," डॉक्टर म्हणाले.

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर डॉक्टर शिकलगार बसल्या होत्या. हे चित्र त्यांनीच तयार केलं होतं. त्यांनी खुर्ची वळवली.

"सर, इतका उथळ श्वास असेल तर मोकळं फुप्फुसही सरकताना दिसणार नाही. डावं कमी हलतंय तेही त्यामुळंच असेल." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आमची दादी तस्बीहचे मणी ओढताना अशीच बसायची. जिवंत आहे का बघायला आम्ही नाकापुढं बोट धरायचो." त्यांनी चित्र पुन्हा पहिल्यापासून लावलं. दोन सारखे, तिसरा लांब, थांबा. त्यांचे ओठ हलले. त्या मोजत होत्या.

"काल सगळे म्हणत होते, इतकी शांत मुलगी मशिनमध्ये कधी बघितली नाही," त्या म्हणाल्या. "मीच तिला चॉकलेट दिलं."

डॉक्टर नाडगौडांनी चित्र आणखी दोनदा लावून बघितलं. "एमआरआयला रेडिएशन नाही," शेवटी ते म्हणाले. "उद्या परत करू."

वर गेले तेव्हा आत्या खिडकीशी बसून डबा उघडत होत्या. सासूबाईंना मी आत्या म्हणते. सूर्य मावळल्यावर त्या जेवत नाहीत, हॉस्पिटलातही त्यांनी तो नेम मोडला नव्हता. रेवू पलंगावर चित्रं रंगवत होती. मी आत्यांना बाहेर बोलावलं.

"आत्या, मशिनमध्ये जाताना रेवूला तुम्ही काय सांगितलं होतं?"

"काय सांगणार? घाबरली हुती पोर. म्हटलं, णमोकार म्हण. मनात म्हण, म्हणजे आवाज यायला नको."

"आणि हलू नको म्हणून?"

"ते मशिनवाली बाईच म्हणाली की, अजिबात हलायचं नाही म्हणून. मी म्हटलं, बाळा, बस्तीत उभारतो तसं समज. पोटसुद्धा हलू द्यायचं नाही." त्या थोड्या हसल्या. "मग? राहिली का नाही दगडासारखी?"

मी त्यांना सांगितलं. चिकटलेलं, न चिकटलेलं, पूर्ण काढावं लागणं. त्या ऐकत होत्या. हातातला चपातीचा तुकडा त्यांनी परत डब्यात ठेवला.

"म्हणजे देवाचं नाव घेतलं ते चुकलं म्हण की."

"मी तसं म्हटलं का?"

"न्हाई, म्हण. शिकलेली हाईस." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. बाहेर अजून ऊन होतं, पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

रेवूला समजावणं त्याहून अवघड गेलं. तिनं खडू बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"मी हलले नव्हते," ती म्हणाली.

"नव्हतीस. चुकलं काही नाही तुझं. पण उद्या मोठा श्वास घ्यायचा. फुगा फुगवायच्या आधी घेतेस तेवढा. पोट वर आलं पाहिजे."

"मग णमोकार कसा म्हणणार? मोठा श्वास घेतला की पद आधीच संपतं."

"उद्या नाही म्हणायचा."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे श्रेणिकसारखे होते, जरा बाहेर आलेले. "आजी म्हणाली, म्हणत राहिलं की काही होत नाही."

"मी असणार आहे ना आत. तुझा पाय धरून."

"तू धरशील. पण म्हणणार कोण?"

"आजी म्हणेल, बाहेर बसून."

रेवूनं विचार केला. "आजी मध्येच विसरते," ती हळू आवाजात म्हणाली. "परवा बस्तीत चौथ्या पदावरच थांबली. मी पुढचं सांगितलं. तू तिला सांगशील? शेवटचं?"

"सांगेन."

"नक्की?"

"नक्की."

दुसऱ्या दिवशी मी कानात कापसाचे बोळे घालून त्या खोलीत उभी होते. मशिनचा आवाज पत्र्यावर हातोडे पडावेत तसा. रेवूची पावलं तेवढी बाहेर होती, मी त्यातलं एक धरलं होतं; वाकलं की आत तिच्या पोटावरची चादर दिसत होती. मी अंगठ्यानं दाबलं की घ्यायचा, सोडलं की सोडायचा, असं आम्ही ठरवलं होतं. सुरुवातीला तिचं पोट हललंच नाही. मी पाय दाबला. नाही. पुन्हा दाबला. मग चादरीखाली काहीतरी उचललं गेलं, अडखळत, घाईनं, आणि मला तो श्वास ओळखू आला.

बाहेर आत्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मांडी घालून बसल्या होत्या. डोळे मिटलेले, अंगठा पेरांवरून फिरत होता. येणारे-जाणारे वळून बघत होते. माझ्याशी त्या आदल्या संध्याकाळपासून बोलल्या नव्हत्या.

दुपारी डॉक्टर नाडगौडांनी आम्हाला परत त्या खोलीत बोलावलं. पडद्यावर तेच फुप्फुस होतं, पण आता ते वर-खाली चांगलं घसरत होतं. वरचा भाग, मधला भाग, दोन्ही. फक्त खाली, मागच्या अंगाला, हाताच्या नखाएवढी एक जागा तिथंच धरून राहत होती आणि तिच्याभोवतीचं सगळं ताणलं जाऊन परत येत होतं. डॉक्टरांनी माउसनं तिथं रेघ ओढली.

"एवढंच चिकटलंय. खालचा भाग काढताना हे आपोआप येईल." ते माझ्याकडं वळले. "रेवतीच्या आई, तुम्ही काल बोलला नसता तर मी उजवं सगळं काढायच्या तयारीनं आत गेलो असतो. आत सापडलं असतं म्हणा मोकळं. पण त्या तयारीनं छाती उघडणं वेगळं आणि या तयारीनं वेगळं."

श्रेणिक एकदम उठला आणि त्यांच्या पाया पडायला वाकला. त्यांनी त्याला वरच्यावर धरलं. "अहो, अजून काही केलेलं नाही मी."

जिन्यात श्रेणिक मला म्हणाला, "तुझं ते सारखं बघत बसणं. मी चिडायचो ना? आता परत कधी चिडणार नाही."

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. अगदी ठरल्याप्रमाणे. पडद्यावर दिसली होती तिथंच शीर सापडली, रक्त फारसं गेलं नाही, खालचा भाग निघाला आणि उरलेलं फुप्फुस फुगून त्याच्या जागेत उतरलं. डॉक्टर बाहेर येऊन टोपी काढून म्हणाले, "चित्रासारखं झालं." दुसऱ्या दिवशी रेवू उठून बसली. तिला डोसा हवा होता, मिळाला नाही. आजीला तिनं जवळ बोलावून विचारलं, "विसरलीस का मध्ये?" आत्या म्हणाल्या, "न्हाई गं. एकदाबी न्हाई."

त्यानंतर ताप आला. या वेळी डाव्या बाजूला, जी चांगली होती. औषधं बदलली, परत बदलली. तिला श्वासाच्या मशिनवर ठेवलं. ते मशिन सगळे श्वास एकसारखे देतं. मी काचेतून बघत असायची. त्यात तिचा एकही नव्हता.

शनिवारी सकाळी रेवू गेली.

डॉक्टर नाडगौडा बरंच काही सांगत होते. की मूळ जंतू चिवट होते, की डाव्या बाजूलाही पूर्वीच्या आजारांचे व्रण होते, की काही राहून गेलं असं त्यांना कुठं दिसत नाही. मला ते पटलं, अजूनही पटतं. श्रेणिक गाडीची व्यवस्था करायला गेला. डॉक्टर शिकलगार जिन्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातात एक पेन ड्राइव्ह दिला.

"दोन्ही आहेत. पहिलं चुकीचं म्हणून काढून टाकायचं होतं. मला काढवलं नाही."

गाडीत पुढं श्रेणिक, मागं आम्ही दोघी आणि मध्ये ती. कराड मागं पडलं.

"दुसऱ्या चित्रात तिचं मोकळं हुतं म्हणालास न्हवं?" आत्यांनी श्रेणिकला विचारलं. प्रश्न माझ्यासाठी होता.

"हो, आई."

"मोकळं हुतं, मग गेली कशी?"

श्रेणिकनं पुढची काच वर केली.

"म्हणत हुती तवर काय झालं नव्हतं तिला," त्या बाहेर बघत म्हणाल्या. "ते बंद केलं आणि झालं."

मी त्यांना काहीही सांगू शकले असते. शिकलेली होते. मी रेवूच्या अंगावरची चादर सारखी केली.

घरी आल्यावर आत्यांनी बस्तीत जाणं सोडलं. जपमाळ देवघरातल्या खिळ्याला होती, ती तिथंच राहिली. माझ्याशी बोलायच्या त्या कामापुरतं: दूध आलं का, गॅस संपला का. बायका भेटायला आल्या की त्यांच्यासमोर म्हणायच्या, "आमच्या सुपर्णालाच विचारा, तिला मशिनमधलं सगळं कळतंय." मी चहा ठेवायला आत जायची. मीही त्यांना काही कमी बोलले नाही त्या वर्षात. मशिनमध्ये जाताना रेवूला कुणी काय शिकवलं होतं, ते मी एकदा शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

पेन ड्राइव्ह मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवला होता. वर्षश्राद्धासारखं आमच्यात काही नसतं, पण तो दिवस आलाच. श्रेणिक दुकानात निघून गेला. मी लॅपटॉप काढून दार लावून बसले. दुसरं चित्र लावलं. ते बरोबर होतं. मोकळं, वर-खाली घसरणारं, नखाएवढ्या जागी अडलेलं. ते कुणाचंही असू शकलं असतं. मग पहिलं लावलं.

दोन सारखे. तिसरा लांब. थांबा.

दार कधी उघडलं ते मला कळलं नाही. आत्या मागं उभ्या होत्या.

"काय हाय ते?"

"रेवू आहे," मी म्हणाले. "पहिल्या वेळची."

त्या पलंगावर टेकल्या. पडद्यावर निळसर-करड्या रंगाचं काहीतरी वर-खाली होत होतं. त्यांना त्यातलं काही कळणार नाही असं मला वाटलं. पण थोड्या वेळानं त्यांचा अंगठा करंगळीवर गेला. त्यांनी डोळे मिटले नाहीत, पडद्यावरच ठेवले. ओठ हलायला लागले, चित्राबरोबर, एक पद वर जाताना, एक खाली येताना. तीन मंत्र पुरे झाले. चौथ्यात दोन श्वास झाले, चार पदं झाली, आणि चित्र संपलं. रेकॉर्डिंग तेवढंच होतं. तिसऱ्या श्वासाच्या आधी मशिन थांबलं होतं.

शेवटचं पद आत्यांनी एकट्यानं म्हटलं, मोठ्यानं. त्या दिवशी सूर्य मावळायच्या आधी त्यांनी मला हाक मारून ताट वाढायला सांगितलं आणि शेजारी माझ्यासाठी पाट मांडला.

याला आता बरीच वर्षं झाली. आत्या हल्ली खूप विसरतात. श्रेणिकला त्यांच्या भावाच्या नावानं हाक मारतात. मला कधी ओळखतात, कधी "बाई, तुम्ही कुठल्या?" म्हणून विचारतात. रेवू गेलेली त्यांना आठवत नाही, ती शाळेत गेलीय असं त्यांना वाटतं, आणि आम्ही तसंच राहू देतो. संध्याकाळ झाली की त्या अस्वस्थ होतात, दाराशी जाऊन कडी हलवतात. मग मी लॅपटॉप लावते आणि त्यांना त्याच्यासमोर बसवते.

चित्र सुरू झालं की त्यांचा अंगठा पेरावर जातो. तेवढं त्या अजून विसरलेल्या नाहीत. पहिल्या मंत्रात चुकत नाहीत, दुसऱ्यात नाहीत, तिसऱ्यातही नाहीत. चौथ्यात चार पदं होतात, पडदा थांबतो, आणि त्याही थांबतात. ओठ उघडे राहतात. मग त्या माझ्याकडं बघतात. मी कोण हे माहीत नसतं तेव्हाही बघतात.

शेवटचं पद मी सांगते. अर्धं श्वास घेताना, अर्धं सोडताना.